राजाच्या एक पाऊल पुढे

त्या वैद्यावर पुढे गाणी झाली. गाण्यांत तो तिरळा आहे, बोलताना ओठांवरून जीभ फिरवतो आणि सोन्याच्या थाळीसाठी धन्याला विकतो. खरा वैद्य तिरळा नव्हता. जरा पोक काढून चालायचा, त्याच्या बोटांना कायम कडू मुळ्यांचा वास यायचा, आणि सोन्याची थाळी त्याने जवळून पाहिली असेल तर राजाच्या जेवणात काही वावगं नाही ना, हे बघण्यापुरती. मात्र राजाचं गुपित त्याच्याच तोंडून फुटलं, हे खरं. ते कसं फुटलं, हे गाण्यांत येत नाही.

राजा आणि वैद्य एकाच बाईच्या दुधावर वाढले होते. ती वैद्याची आई. राजाची आई बाळंतपणातच गेली, तेव्हा आपलं तान्हं पोर काखोटीला मारून ही बाई राजवाड्यात गेली आणि तिथलीच झाली. पोरं रांगायला लागली तसं तिच्या लक्षात आलं, की दिवेलागणीच्या वेळी तिचं पोर खांबाला वळसा घालून येतं आणि राजाचं पोर खांबावर आपटतं. सूर्य उतरला की त्याची नजर जायची, उजाडलं की परत यायची. समोर ढणढणीत दिवा असला तर त्याला समोरच्या माणसाचं तोंड दिसे. दिव्याच्या पलीकडे सगळा काळोख. तिने कुणाजवळ ब्र काढला नाही. पुढे वैद्य मोठा होऊन गुरूकडून शिकून आला, त्यानेही अंजनं करून पाहिली, प्राण्यांचं काळीज भाजून खाऊ घातलं. हे उपाय इतर कितीतरी लोकांना लागू पडले होते. राजाला पडले नाहीत. त्याच्या डोळ्यांत जन्मापासूनच काहीतरी घडायचं राहून गेलं होतं, आणि तिथे वैद्याने हात टेकले.

संध्याकाळी न दिसणाऱ्या राजासाठी कोण लढणार? म्हणून आईने पोरं लहान असतानाच एक युक्ती काढली. वैद्याने पुढे चालायचं. एकदा खोकला की पायरी चढायची, दोनदा खोकला की उतरायची, घसा खाकरला की जागच्या जागी थांबायचं. तेव्हा तो खेळ होता. राजा गादीवर बसल्यावर तोच राज्यकारभार झाला. दरबार उन्हं असतानाच उठायचा आणि लोक म्हणायचे, राजा शिस्तीचा आहे. संध्याकाळी कुठे जाणं आलंच तर औषधांची पेटी काखेत घेऊन वैद्य राजाच्या एक पाऊल पुढे. हा मान दुसऱ्या कुणाला नव्हता, त्यामुळे दरबारातल्या अनेकांच्या पोटात दुखायचं.

"स्वतःचा खोकला बरा करता येत नाही, आणि म्हणे राजवैद्य," दिवाण म्हणायचा. सगळे हसायचे. वैद्यही हसायचा.

मग त्याला खरोखरची सर्दी झाली.

परदेशी राजाचे वकील आले होते. सभा लांबली, बाहेर पडता पडता अंधारलं. आईने सकाळीच बजावलं होतं, "छाती भरली आहे तुझी. आज तू जाऊ नकोस, त्यालाही जाऊ देऊ नकोस." पण वकिलांना नाही कसं म्हणायचं? सपाट फरशीवर, कुठेही पायरी नसताना, वैद्याला उबळ आली. त्याने तोंडावर उपरणं दाबलं, श्वास कोंडला, डोळ्यांत पाणी आलं, पण खोकला फुटलाच. राजाने पाऊल उचललं, नसलेल्या पायरीवर टाकलं आणि वकिलांच्या पायाशी तोंडावर पडला.

तो उठला. नाकातून रक्त येत होतं. वैद्याने हात पुढे केला तो राजाने झिडकारला आणि तो अगदी शांत आवाजात म्हणाला, "ह्याने माझ्या औषधात काहीतरी घातलंय."

वैद्याला त्याच क्षणी सगळं समजलं. धडधाकट राजा सपाट फरशीवर का पडला, ह्याला उत्तर हवं होतं, आणि राजाच्या हाताशी एवढं एकच उत्तर होतं. दिवाणाच्या माणसांनी औषधांची पेटी फरशीवर आपटली. बाटल्या फुटल्या, चूर्णं एकमेकांत मिसळली. वैद्य वाकून काचा वेचू लागला. त्याला फाशी झाली नाही, हद्दपारी झाली. तेवढी राजाची कृपा.

पहाटे मागच्या दरवाजाशी आई आली. तिने त्याच्या खांद्यावर पांघरूण टाकलं.

"मी विष घालीन त्याला?" वैद्य म्हणाला. "तू सांग ना सगळ्यांना."

"काय सांगू? त्याला दिसत नाही म्हणून सांगू?"

"माझ्या तोंडाला काळं फासलंय त्याने, आई."

"फासलंय. तुला दुसरं गाव मिळेल बाळा. त्याला दुसरं राज्य मिळणार नाही." मग ती म्हणाली, "दोघंही माझेच आहात. मला निवडायला लावू नकोस."

पण तिने निवड केलेलीच होती. ती आत राहिली आणि तो बाहेर पडला.

दुसरं गाव मिळालं नाही. विष घालणाऱ्या वैद्याला कोण दारात उभं करतं? बातमी त्याच्या आधी पोचायची. एका गावात बाळंतिणीला ताप होता, तिच्या सासूने त्याला ओसरीवरूनच हाकललं. दुसऱ्या गावात पोरांनी दगड मारले. शेवटी तो नदीपलीकडे शत्रूच्या छावणीत गेला. तिथे हगवण पसरली होती आणि वैद्यच नव्हता. सेनापतीने त्याला ठेवून घेतलं आणि आचाऱ्याच्या राहुटीत जागा दिली.

"या वैद्यबुवा," आचारी म्हणाला. तो ढोल्या, घामट माणूस होता आणि सतत काहीतरी चाखत असायचा. "फक्त माझ्या पातेल्यांपासून लांब बसा. तुमची ख्याती ऐकलीय."

वैद्याने काढा केला. शिपायांनी तो आधी त्याला प्यायला लावला आणि नंतर पाठ वळताच ओतून दिला. आजाऱ्यांच्या मधोमध एक धनुर्धारी पडला होता. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. वैद्य त्याच्या उशाशी बसला, मीठ-साखरेचं पाणी चमच्याने तोंडाशी नेलं. धनुर्धाऱ्याने दात आवळून घेतले.

"अरे, नुसतं पाणी आहे."

त्याने मान फिरवली. वैद्याने विनवलं, शिव्या दिल्या, स्वतः अर्धं भांडं पिऊन दाखवलं. धनुर्धारी तसाच दात आवळून मेला. तहानेने मेला, पाणी तोंडाशी असताना.

त्या दुपारी वैद्य सेनापतीसमोर उभा राहिला. सेनापती नखं कापत बसला होता.

"माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही," वैद्य म्हणाला. "मी विष घातलं नव्हतं."

"असं सगळेच म्हणतात."

"तो पडला कारण त्याला संध्याकाळी दिसत नाही. जन्मापासून दिसत नाही. मी पुढे चालून खोकायचो, त्यावर तो चालायचा. त्या दिवशी मला सर्दी झाली होती."

शब्द तोंडातून बाहेर पडले आणि त्याला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. कुणीतरी खरं ऐकलं होतं. सेनापतीने कात्री खाली ठेवली, आधी हसला, मग हसायचा थांबला.

"नेमकं किती अंधारलं की दिसत नाही?" त्याने विचारलं.

तेव्हा कुठे वैद्याच्या पायाखालची जमीन सरकली.

दुसऱ्या दिवसापासून शिपाई काढा प्यायला लागले. छावणी बरी होऊ लागली. "घरभेदी असशील, पण विषारी नाहीस," आचाऱ्याने त्याच्या पानात जास्तीचं वाढत म्हटलं. "खा. आता तू आमच्यातला." वैद्याने पान बाजूला सारलं.

लवकरच सेनापतीने राजाला बोलणीचं आमंत्रण धाडलं. जागा सेनापतीच्या बाजूचं नदीकाठचं जकातघर, वेळ दुपारची, आत कुणी शस्त्र आणायचं नाही, आणि सेनापतीचा शब्द, की त्याचा एकही माणूस राजाच्या अंगाला हात लावणार नाही. दुपारची वेळ म्हटल्यावर राजा येणार, हे वैद्याला ठाऊक होतं. बोलणी लांबवणार, हेही त्याला ठाऊक होतं.

"मला कसंही करून पलीकडे जाऊ दे," त्याने आचाऱ्याला सांगितलं. "तुझ्या पाया पडतो. भाजीच्या होडीतून ने मला."

"आणि पलीकडे जाऊन काय सांगशील? राजाला सांगशील की मी तुझं गुपित फोडलं?"

"हो."

"आणि तो म्हणेल, बरं झालं सांगितलंस, ये, जेवून जा." आचाऱ्याने पळी झटकली. "बाबा रे, दाराशी दोन भालेवाले उभे केलेत ते तुझ्या मानपानासाठी नाहीत. गप्प बस. मीही मरेन तुझ्यापायी."

जकातघर म्हणजे खाली दगडी गोदाम आणि वर लाकडी माडी. गोदामाचं दार थेट होड्यांच्या धक्क्यावर उघडायचं. आत माणूसभर उंचीचा तराजू, वजनांचे दगड, तागाचा वास. माडीच्या जमिनीत एक चौकोनी भोक होतं. कप्पीवरून पोती त्यातूनच वर ओढायची. काम नसलं की त्यावर फळ्या टाकत. माडीच्या कडेने जिना खाली उतरायचा, आणि पलीकडे फळ्यांची भिंत घालून केलेली जकातदाराची खोली होती. राजा दुपारी आला तेव्हा भोकावर फळ्या होत्या, फळ्यांवर गालिचा होता, आणि राजा त्यावरूनच ताठ मानेने चालत खोलीत गेला.

वैद्याला पोत्यांच्या थप्पीमागे बसवलं होतं, बरगड्यांशी सुरी लावून. सुरी धरणारा पहारेकरी दाढदुखीने हैराण होता आणि मधूनमधून दुसऱ्या हाताने गाल दाबायचा. फळ्यांच्या फटीतून खोली दिसत होती. वैद्याचं काम सोपं होतं. राजाला दिसेनासं झालं की मान हलवायची.

राजा वाळला होता. शेजारी दिवाण बसला होता, सेनापती समोर. सीमेवरच्या रानाबद्दल बोलणं चाललं, मग नदीच्या पाण्याबद्दल, मग कैद्यांबद्दल. सेनापती प्रत्येक गोष्ट दोनदा विचारी. उन्हं खिडकीतून भिंतीवर आली, भिंतीवरून वर सरकली. राजाने एकदा खिडकीकडे पाहिलं.

"निघायला हवं," तो म्हणाला.

"एवढा नकाशा पाहू," सेनापती म्हणाला. "नाहीतर आजचा दिवस फुकट जाईल. दिवा आणा रे."

दिवा आला, मोठा, दहा वातींचा. राजाची हनुवटी वर उचलली गेली. आवाज येईल त्या दिशेला तो हसायला लागला. पेला दोन्ही हातांनी धरायला लागला. ह्या खुणा जगात दोनच माणसांना वाचता येत होत्या, आणि दुसरं माणूस, आई, नदीपलीकडे होतं. सेनापती काहीतरी निमित्त काढून खोलीबाहेर, पोत्यांमागे आला.

"अजून?"

"अजून दिसतंय त्याला," वैद्य म्हणाला. "चांगलं दिसतंय. आज आभाळ स्वच्छ आहे."

सेनापतीने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. परत जाऊन त्याने दिव्याच्या बाजूला, अंधारात, हात लांब करून राजापुढे फळांची ताटली धरली. राजाचा हात ताटलीच्या वरून पलीकडे गेला.

"दिवाणसाहेब," सेनापती म्हणाला, "तुम्ही खाली जाऊन होडी तयार करायला सांगा. महाराजांना ताटकळत ठेवायला नको."

दिवाण खाली गेला. त्याच वेळी दोन हमाल अनवाणी वर आले. त्यांनी गालिचा गुंडाळून कडेला लोटला आणि एकेक फळी उचलून भिंतीशी ठेवली. धक्क्यावर होड्या एकमेकींवर आपटत होत्या, त्या आवाजात हा आवाज बुडून गेला. खिडकीतून अजून राखाडी उजेड येत होता. त्या उजेडात ते भोक कुणालाही दिसलं असतं. एखादं पोरही वळसा घालून गेलं असतं.

वैद्याला आत्तापर्यंत वाटत होतं की धक्क्यावर दगाफटका करतील, मारेकरी घालतील. आता त्याला सगळा डाव दिसला. सेनापती आपला शब्द पाळणार होता. राजाच्या अंगाला कुणीही हात लावणार नव्हतं.

राजा उठला. खोलीच्या उंबऱ्याशी आला. दिव्याकडे पाठ झाली आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, एखाद्या विसरलेल्या वस्तूसारखं. सेनापती अदबीने मागे थांबला. राजाच्या लेखी समोर दुपारचीच सरळ वाट होती.

ओरडायचं? सुरी बरगडीत शिरायच्या आत एखादा शब्द निघाला असता. पण कुठला शब्द? वैद्याला सुचण्याआधीच त्याच्या गळ्याला सुचलं.

तो घसा खाकरला.

राजा जागच्या जागी थांबला.

सुरी कातडीतून आत गेली. वैद्य पुन्हा खाकरला, अजून स्पष्ट. राजाचं तोंड आवाजाकडे वळलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. जगातले सगळे आवाज विसरला असता तरी हा विसरला नसता. वैद्याला त्याच्या कपाळावरची शीर दिसली आणि त्या शिरेमागे काय चाललं असेल तेही जवळजवळ दिसलं: हा इथे आहे, शत्रूच्या घरात आहे, म्हणजे ह्याने सांगितलं आहे. मग आता हा थांब म्हणतो तेव्हा मी थांबायचं, की चालायचं?

"काय झालं महाराज?" सेनापती मागून म्हणाला. आवाज गोड होता आणि खाली धक्क्यापर्यंत ऐकू जाईल एवढा मोठा. "थांबलात का? दिसत नाही का?"

खाली दिवाण होता, राजाचे शिपाई होते. राजाने मान ताठ केली.

"दिसतंय की," तो म्हणाला आणि पाऊल टाकलं.

पडल्याचा आवाज आधी लाकडाचा आला, मग दगडाचा. पहारेकरी वाकून बघायला लागला आणि तेवढ्यात वैद्य त्याच्या हातातून सुटला. तो भोकाशी धावला. खाली राजा तराजूच्या पायाशी पडला होता, एक पाय भलत्याच बाजूला वळलेला, पाठ दगडाच्या कडेवर. तो जिवंत होता. त्याचे हात हलत होते, जमीन चाचपत होते.

दारातून दिवाण आणि शिपाई धावत येत होते. सेनापती भोकाच्या पलीकडच्या कडेला येऊन उभा राहिला आणि त्याने घसा मोकळा केला. तो आता काय बोलणार आहे, हे वैद्याला कळलं. राजा आंधळा आहे, हे एकदा ह्या शिपायांनी ऐकलं की उद्या तटावर कुणी उभं राहणार नाही. मग शहर जाईल, आणि शहरात आई आहे, जिने सगळा जन्म एवढंच झाकण्यात घालवला.

वैद्याने गुंडाळलेला गालिचा दोन्ही पायांनी लोटला. तो उलगडत भोकातून खाली गेला आणि राजाच्या पायांवर पडला.

"तुमच्या राजाचा पाय घसरला," सेनापती वरून म्हणाला. "एवढं मोठं भोक समोर, आणि त्यांना ते दिसलं नाही. का दिसलं नाही, ते ह्यांच्याच वैद्याला विचारा."

सगळ्यांनी वर पाहिलं. दिवाणाने वैद्याला ओळखलं आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

"दिसणार कसं?" वैद्य म्हणाला. "वर गालिचा होता. फळ्या मी काढल्या, गालिचा मी अंथरला. त्या दिवशी विषाने जमलं नाही, म्हणून आज हे केलं. सेनापतींनी मला माणसं दिली."

एका शिपायाने गालिच्याचं टोक उचलून पाहिलं. "गालिचा आहे खरा," तो म्हणाला.

"हा खोटं बोलतोय," सेनापती म्हणाला. आयुष्यात प्रथमच तो खरं बोलत होता आणि कुणी ऐकत नव्हतं. "तुमचा राजा आंधळा आहे."

"शब्द दिला होतात तुम्ही," दिवाण ओरडला. "थू तुमच्या शब्दावर." धक्क्यावरून आणखी शिपाई आत घुसले, हाताला लागतील ती वजनं उचलून दारात उभे राहिले. सेनापतीची माणसं जिन्यावर थबकली.

राजा वर बघत होता, वैद्य जिथे होता त्याच्या जरा डावीकडे.

दोन शिपायांनी राजाच्या काखेत हात घातले. वैद्याला त्याची पाठ दिसत होती. मणक्याला मार होता. बसता उचलला तर कमरेखालचं सगळं जाईल, कदाचित जीवही जाईल.

"उचलू नका," तो ओरडला. "आडवाच ठेवा. फळीवर घ्या, मान धरा, पाठ वाकवू नका."

शिपाई थबकले. दिवाणाने वर पाहिलं.

"तो नको म्हणतोय," दिवाण म्हणाला. "म्हणजे लवकर उचला. बसवा त्यांना."

राजाच्या तोंडून आवाज निघाला, जनावरासारखा. वैद्याने भोकाच्या कडेवर मुठी आपटल्या. दात आवळलेल्या त्या धनुर्धाऱ्याचं तोंड त्याच्या डोळ्यांपुढे होतं. विनवून उपयोग नव्हता. भांडं पिऊन दाखवून उपयोग नव्हता. ह्यापुढे तो जे खरं सांगेल त्याच्या उलट होणार होतं, आणि तेही राजाच्या अंगावर होणार होतं.

मग तो हसला. मोठ्याने, खाली सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"बसवा, बसवा," तो म्हणाला. "चांगला ताठ बसवा. होडीत उभा करा त्याला. मोडलेला पाय ओढून सरळ करा, अजून जोरात ओढा."

दिवाणाचे हात थांबले. तो वैद्याकडे बघत राहिला, मग शिपायांकडे.

"ठेवा खाली," तो म्हणाला. "हळू. पायाला कुणी हात लावायचा नाही. ती फळी आणा."

"फळी कशाला?" वैद्य म्हणाला. त्याचा आवाज चिरकत होता. "मान तशीच लोंबू द्या."

"मान धरा रे," दिवाण म्हणाला. "कपडा घाला मानेखाली."

गोदामाच्या भिंतीशी टेकलेली एक फळी त्यांनी ओढून घेतली, राजाला त्यावर सरकवलं. पाठ सरळ राहिली. वैद्य कडेवर ओणवा होऊन एकेक हात बघत होता, आणि प्रत्येक चुकणाऱ्या हाताला त्याच चुकीसाठी शाबासकी देत होता, की तो हात चटकन बदलायचा. शिपाई त्याला शिव्या देत होते. एकाने वजनाचा दगड भिरकावला, तो त्याच्या खांद्याला लागला. पहारेकरी मागून आला आणि त्याने वैद्याची मान पकडली, पण सेनापतीने हात वर केला. त्याला आता हे काय चाललं आहे ते बघायचं होतं.

होडी धक्क्यावरून सुटली. पाण्यावर अजून थोडा उजेड होता. राजा फळीवर आडवा होता, दिवाण त्याच्या उशाशी. वैद्याला खिडकीतून तेवढं दिसत होतं.

"मला खोटं पाडलंस," सेनापती म्हणाला. "सगळ्या राज्यांत बोभाटा होईल."

वैद्याचं लक्ष होडीकडे होतं. होडीत कुणीतरी राजाचं डोकं उचलत होतं. दुसऱ्याच्या हातात भांडं होतं. पोटात आत कुठे काय फुटलं आहे ते कुणाला माहीत नव्हतं; अशा वेळी पाणी देऊ नये, ओठ फक्त ओले करावे.

त्याने खिडकीतून अंग बाहेर काढलं. बरगडीतून रक्त येत होतं आणि श्वास पुरत नव्हता.

"पाणी पाजा त्याला," तो होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडला. "भरपूर पाजा. भांडंभर पाजा."

होडीत दिवाण मागे वळला. मग त्याने हात लांब केला आणि राजाच्या तोंडाशी नेलेलं भांडं काढून घेतलं.